फक्त हवा लागते, साहेब!

ज्या झाडाला काहीच लागत नाही असं विकणारा सांगतो, त्या झाडापासून चार हात लांब राहावं. गुलाबाचं बरं असतं. त्याला माती लागते, शेणखत लागतं, ऊन लागतं. ते दिलं की आपण मोकळे. पण आमच्या नर्सरीवाल्याने टांगलेल्या व्हँडा ऑर्किडकडे बोट दाखवून सांगितलं, "साहेब, माती नको, कुंडी नको. फक्त हवा लागते." बोरिवलीत दोन खोल्यांत राहणाऱ्याला यापेक्षा गोड काय ऐकू येणार? बायकोने लगेच पर्स उघडली. पंधराशे रुपये मोजून आम्ही सागवानी पट्ट्यांची टोपली घेतली आणि तिच्यातून लोंबणारी हातभर मुळं सहप्रवाशांच्या डोक्यावरून ओवाळत लोकलने घरी आलो.

किमतीबद्दल माझी तक्रार नाही. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, त्यात स्वतःची शिदोरी नसते. रानात एखाद्या बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. 1922 मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या माध्यमावर ते बुरशीशिवाय रुजवून दाखवलं, तेव्हापासून बाटलीतली रोपं शक्य झाली. पण बाटलीतून बाहेर पडून फुलावर यायला व्हँडाला कित्येक वर्षं लागतात. तोवर कोणीतरी तिला पोसलेलं असतं. आता ती पाळी माझी.

टोपलीत काही नसतं. टोपली नावापुरती, खिडकीच्या ग्रिलला हुक अडकवण्यापुरती. सगळा संसार बाहेर लोंबत असतो. पेन्सिलीएवढी जाड मुळं कोरडी असताना चंदेरी पांढरी दिसतात. पाणी पडलं की आपल्या डोळ्यांदेखत हिरवी होत जातात, कारण वरचं आवरण पाणी पिऊन पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. सगळं मूळ हिरवं होईपर्यंत पाणी मारायचं, मग वाळू द्यायचं. एप्रिल-मेमध्ये हे दिवसातून दोनदा. रानात पाऊस भिजवतो आणि वारा सुकवतो; आमच्याकडे दोन्ही खाती मीच सांभाळतो. पावसासाठी स्प्रे आणि वाऱ्यासाठी टेबल फॅन. तोच फॅन मी माझ्यासाठी लावला की घरात लाइटबिलाचा विषय निघतो.

पाणीही कसलं? आरओचं वाया जाणारं पाणी क्षारांचं, ते चालत नाही. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नसल्यात जमा, म्हणून बेडरूमच्या खिडकीखाली बादली. आठवड्यातून एकदा त्यात एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या मापात असलेलं खत, तेही चिमूटभर. शेंड्यात पाणी साचलं तर शेंडा कुजतो, आणि व्हँडा वाढते ती फक्त शेंड्यातूनच, म्हणून अंघोळ झाली की पानांच्या बेचक्यातलं पाणी इअरबडने टिपायचं. माझ्या मुलांचे कान मी इतक्या हळुवारपणे कधी पुसले नाहीत.

आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "बांडगूळ आणलंत होय?" मी स्टुलावर उभं राहून, हातात स्प्रे घेऊन तिला समजावलं, की बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड कोणाचं काही घेत नाही, स्वतःचं अन्न स्वतः करतं, नुसता आधार घेतं. आईने स्टुलाकडे पाहिलं, स्प्रेकडे पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंय की कोणाचा घेतलाय ते." सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, झाडांच्या फांद्यांवर घोसाने फुलते, तिला कोण जातं इअरबड घेऊन, हाही तिचाच प्रश्न.

मुळं वाढतच होती. ग्रिलच्या खालून ती बाहेर पडली आणि एका सकाळी खालच्या काकूंचा फोन आला, "अरे, तुझ्या झाडाने माझ्या दांडीवरच्या साडीला हात घातलाय." शिवाय पाणी ठिबकतंच. प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. ग्रिलबाहेर कुंड्या ठेवायच्या नाहीत असा नियम आहे. आमच्याकडे कुंडीच नव्हती. सेक्रेटरी बराच वेळ वर बघत राहिले. "माती नाही म्हणता, कुंडी नाही म्हणता, फूल तर अजून कोणी पाहिलं नाही. मग हे झाड आहे याला पुरावा काय?"

फुलाचं सगळं अडलं होतं उन्हावर. पश्चिमेची खिडकी. बाहेर टांगलं की पानांवर करपल्याचे डाग, आत घेतलं की पानं गर्द हिरवीगार. गर्द हिरवं पान बघायला छान, पण त्याचा अर्थ उजेड कमी, म्हणजे फूल विसरा.

आणि मग सोसायटीचं रिपेअरिंग निघालं. बांबूच्या परांच्या चढल्या, इमारतीला हिरवी जाळी गुंडाळली गेली. भर दुपारी ट्यूबलाइट लावून सगळी सोसायटी कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडत होती. आमच्या घरात एकीची मात्र चैन होती. ऑर्किडवाले मुद्दाम पैसे मोजून बांधतात तशी गाळीव सावली तिला सोसायटीच्या मेंटेनन्स फंडातून मिळत होती! पानांच्या बगलेतून काहीतरी डोकावलं. मूळ की फुलाचा दांडा? घरात दोन तट पडले. मुळाचं टोक गुळगुळीत गोल असतं. याचं चपटं, आणि वर खवले. दांडाच!

फुलं तळहाताएवढी, जांभळी, त्यावर गडद रेघांची जाळीदार नक्षी. हा रंग तिच्या पूर्वजांकडून आलेला, खासी टेकड्यांत सापडणाऱ्या निळ्या व्हँडाकडून. नक्षीचं हे वर्णन मी ऐकीव माहितीवर लिहितोय, कारण दांडा उजेडाकडे वळतो, म्हणजे बाहेर. एकूण एक फुलाने रस्त्याकडे तोंड केलं. आमच्या वाट्याला पाठी. टोपली फिरवायची सोय नव्हती, मुळांनी ग्रिलला मिठ्या मारल्या होत्या.

परांचीवरचे रंगारी मात्र समोरून बघत होते. जेवणाच्या सुट्टीत तिथे गर्दी व्हायला लागली. शेवटी त्यांच्यातल्या एका पोराला खिडकीतून फोन दिला आणि म्हटलं, बाबा रे, एक फोटो काढून दे. त्याने हौसेने काढला. स्वतः मधोमध, दोन बोटं वर, आणि दोन्ही खांद्यांमागून डोकावणारी आमची फुलं. दुसरा फोटो काढेपर्यंत मुकादमाने हाक मारली आणि तो गेला. बायकोने आहे तोच मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येणारे पाहुणे अदबीने विचारतात, "मुलगा काय करतो?"