माझ्या नावावर एक नवरंग

जळगावच्या मेहरूण तलावाजवळच्या टपरीवर सकाळी सातला चहा येतो आणि हिशेब सुरू होतो: आज कुणाला कोणता पक्षी दिसला?

"काटेसावरीवर भोरड्या. दोनशे तरी असतील. आता निघतील मध्य आशियाला."

"तांबट. शेवग्याच्या वाळक्या फांदीत ढोली कोरतोय."

"शिंजीर. नर पार जांभळा झालाय."

मग सगळे माझ्याकडं बघतात. मला दुर्बिणीतून दिसलेली असते ती माझीच पापणी. "तो बघा, दुसऱ्या बेचक्याच्या डावीकडं!" असं कुणी म्हणतं, तेव्हा त्या झाडाला चाळीस बेचकी असतात. मी दुसरं ठरवेपर्यंत पक्षी उडालेला असतो. "दिसला ना?" "वा!" मी म्हणतो. तीन वसंत मी नुसतं वा म्हणतोय.

सर धीर देतात. "अहो, रानपिंगळा 1884 नंतर 113 वर्षं कुणाला दिसला नव्हता. 1997 साली आपल्या शहाद्याजवळच सापडला की नाही?" म्हणजे माझ्या हातात अजून 110 वर्षं आहेत.

त्या दिवशी मात्र राहवलं नाही. कप खाली ठेवला आणि बोलून गेलो, "आमच्या गच्चीवरून काल नवरंग दिसला."

टपरीवाल्याचा स्टोव्हसुद्धा गप्प झाल्यासारखा वाटला.

"नवरंग? मार्चमध्ये? तो तर पावसाच्या तोंडावर येतो!" सरांचे डोळे चमकले. मला वाटलं, खोटं पकडलं. पकडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दारात नऊ माणसं, सात दुर्बिणी आणि बंदुकीएवढी लेन्स लावलेला एक कॅमेरा. आणि गच्चीभर, जुन्या लुगड्यांवर, बायकोनं आदल्या दिवशी घातलेल्या बिबड्या. म्हणजे ज्वारीचे पापड, तीळ-लसणाचे, अजून पोटातून ओले.

नऊ माणसं वर बघत चालू लागली. खाली कुणी बघेना. मी ओणवा होऊन एकेकाचा पाय हातानं उचलून लुगड्याच्या कडेला ठेवत होतो. "हालू नका भाऊ, घाबरेल तो," कॅमेरावाले कुजबुजले आणि गुडघा टेकला. बिबडीवरच.

तासभर निंबावर फक्त पानं हालली. शेवटी बायको चहाचा ट्रे घेऊन वर आली, तिनं गुडघ्याचा छाप बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पक्षी लिहून घेता ना तुम्ही? मग लिहा. काल दुपारी कावळ्यानं तीन बिबड्या नेल्या."

सरांनी खरंच वही काढली. "गावकावळा की डोमकावळा, वहिनी?"

"मान राखी होती."

"गावकावळा. वेळ?"

"दोन वाजून दहा मिनिटं. निंबाच्या खालच्या फांदीवरून आला, तिकडंच गेला. डाव्या पंखाचं एक पीस तुटलेलं."

सर भराभर लिहीत होते. आणखी दोघांनी वह्या काढल्या. मी ट्रे धरून उभा होतो.

"उद्यापासून वहिनींना आणत जा टपरीवर," सर म्हणाले.


"आणि नवरंग?" कुणीतरी विचारलं. सरांनी माझ्या नावापुढं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि बायकोला विचारलं, "बिबडी भाजलेली आहे का एखादी?"