मेल्युझिनचा गुन्हा कोणता?

2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यावरून आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही. केजकडे राहणारे माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, फोनवर नेहमी एकच मुद्दा मांडतात: एखादीला भानामती करणारी म्हटल्याने तिचा जीव जात नाही, मग नुसत्या बोलण्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद कशासाठी? मी फ्रान्समध्ये प्वातिए येथे राहतो, आणि येथून जवळच असलेल्या ल्युझिन्यां गावची आख्यायिका मला दादांच्या विरुद्ध बाजूला नेऊन उभे करते.

1393 मध्ये लिहून पूर्ण झालेल्या या कथेत मेल्युझिन ही ल्युझिन्यांच्या सरदार घराण्याची मूळ माता आहे. जन्मदात्या आईच्याच शापामुळे दर शनिवारी तिचे कमरेखालचे अंग सर्पाचे होई. त्या दिवशी आपल्याला पाहायचे नाही, या अटीवर तिने रेमोंदँशी लग्न केले, त्याला किल्ले बांधून दिले आणि त्याचे दहा मुलगे वाढवले. गंगा आणि शंतनू यांची गोष्ट ऐकलेल्या वाचकाला पुढचे ठाऊक आहे असे वाटेल. पण येथे अट मोडल्याने संसार मोडत नाही. भावाने कान भरल्यावर रेमोंदँ तलवारीच्या टोकाने लोखंडी दाराला भोक पाडतो, आणि हौदात केस विंचरणारी बायको त्याला दिसते: बेंबीपर्यंत बाई, खाली हेरिंग मासे भरण्याच्या पिंपाएवढी जाड शेपटी. तो ते भोक मुकाट्याने मेणाने बुजवतो. तिला सारे कळते, तीही गप्प राहते, आणि घर चालू राहते.

घर मोडले ते नंतर. भाऊ साधू झाला याचा राग येऊन जॉफ्रुआ या त्यांच्या मुलाने मायझेचा मठ भावासह आणि इतर साधूंसह जाळला. तेव्हा रेमोंदँने भर दरबारात बायकोला कपटी नागीण म्हटले, आणि तुझ्या पोटचे कोणीच धड निपजणार नाही, असेही सुनावले. मठ जाळला मुलाने, आणि दोष गेला आईच्या पोटाकडे. ती सर्परूप घेऊन खिडकीतून उडून गेली. रात्री मात्र धाकट्या दोन लेकरांना पाजायला परत येई, आणि दाया हे पाहून गप्प राहत. पुढे जॉफ्रुआ रोमला जाऊन पोपकडे कबुली देतो, मठ पुन्हा बांधून देतो आणि मोकळा होतो. रेमोंदँ मोंसेरात येथे जाऊन तपस्वी होतो. तिच्या वाट्याला मात्र कयामतीच्या दिवसापर्यंत भटकणे आले. मला या कथेत सर्वांत जास्त बोचते ते हे हिशेबाचे टोक.

आमच्याकडे पंचमीला बायका वारुळाला जाऊन नागोबाला भाऊ मानतात. मात्र बाईला नागीण म्हटले की तिच्या दाराशी कोणी थांबत नाही. पोराने दारू पिऊन शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवली, तर पारावर पहिली चर्चा आईची होते: ती कोणत्या देवऋषाकडे जाते, तिने पोराला काय खाऊ घातले. त्यानंतर तिला खुरपणीला कोणी बोलावत नाही, हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होते, तिने उचललेले मूल आई हिसकावून घेते. दादा म्हणतात तसा जीव जात नाही हे खरे, पण रोजगार जातो, आणि जिवंतपणी वाळीत पडणे सोसावे लागते. कायदा ज्याला गुन्हा मानतो ते हेच जाहीर बोलणे आहे.

दादा लगेच विचारतात की तुमच्या तिकडेही जाळलेच ना? जाळले. याच परिसरातील लूदँ येथे 1634 मध्ये ग्रांदिए या पाद्र्याला चेटकाच्या आरोपावरून जिवंत जाळले. मेल्युझिनवर आज येथे लोक जीव टाकतात, कारण तिच्यामुळे आता कोणाचे काही बिघडत नाही. त्याला शहाणपण म्हणायला मी तयार नाही.

दादांचा एक प्रश्न मात्र मला खोडता आलेला नाही. बोलणारा दीर किंवा नवराच असेल, तर फिर्याद कोण देणार? कायद्याने दक्षता अधिकारी नेमण्याची सोय केली आहे, पण ठाण्यात नाव नोंदवून संध्याकाळी तिला त्याच घरी परतायचे असते.