पायलट तुमची सीट घेत नाहीत: जंपसीटच्या फॉरवर्डला उत्तर

न्यू जर्सीला लेकीकडे निघालेल्या मावशीने एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "माझी सीट पायलटला देतील का?" मेसेज म्हणतो: अमेरिकेत पायलट कामावर 'जंपसीट'च्या नावाखाली फुकट विमानाने जातात, तिकीट काढलेल्या प्रवाशाला उठवून त्याच्या जागी बसतात, गणवेश आणि ओळखपत्र असलं की कुणालाही कॉकपिटमध्ये शिरता येतं, आणि असे रात्रभर फिरून आलेले पायलट तुमचं विमान चालवतात. पुरावा म्हणून रक्ताळलेल्या एका प्रवाशाला विमानातून फरफटत नेतानाचा व्हिडिओ जोडलाय. पहिल्यांदाच एकट्याने निघालेल्या बाईला हे वाचून झोप लागत नाही, म्हणून हे उत्तर.

सुरुवात सीटपासून, कारण सगळ्यात मोठा खोटेपणा तिथेच आहे. जंपसीट म्हणजे कॉकपिटमध्ये दोन्ही पायलटच्या मागे असलेली घडीची सीट. बोईंग ७३७ मध्ये ती उघडली की थेट कॉकपिटच्या दारातच येते. ती प्रवाशाला विकतच नाहीत. जी सीट तुम्हाला मिळूच शकत नाही, ती तुमच्याकडून हिसकावणार कशी? अमेरिकेतल्या अनेक पायलटचं घर एका शहरात आणि बेस, म्हणजे जिथून त्यांची ड्युटी सुरू होते ते विमानतळ, दुसऱ्या शहरात असतो. विमानाचा प्रकार किंवा सीनियॉरिटी बदलली की बेस बदलतो, पण घर आणि मुलांची शाळा दर वेळी हलवता येत नाही. मग ड्युटीला पोहोचण्यासाठी ते जंपसीट मागतात, स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या जबाबदारीवर.

क्रम असा असतो. पायलट गेटवर येऊन नाव नोंदवतो. आधी तिकीटवाले प्रवासी बसतात, मग स्टँडबायवर असलेले कंपनीचे कर्मचारी. त्यानंतरही केबिनमध्ये जागा उरली तर बहुतेक वेळा त्याला तिथे बसवतात, नाही उरली तर कॉकपिटच्या घडीच्या सीटचा विचार होतो. तिथेही त्याच कंपनीचे पायलट पुढे, दुसऱ्या कंपनीचे मागे. शेवटचा शब्द कॅप्टनचा. पायलटने स्वतः जाऊन कॅप्टनची परवानगी मागायची असते, आणि कॅप्टन नाही म्हणाला तर विषय संपला. सीट रिकामी असूनही पायलट गेटवरच राहिला, असंही सर्रास घडतं. उन्हाळ्याच्या दुपारी छोट्या रीजनल जेटला उड्डाणाच्या वजनाची मर्यादा येते. खराब हवामानामुळे पर्यायी विमानतळापर्यंतचं जास्तीचं इंधन भरावं लागलं की तेवढं वजन दुसरीकडून कमी करावं लागतं, आणि तेव्हा भाडं न भरणारे आधी उतरतात. म्हणून शहाणा पायलट ड्युटीच्या वेळेआधीची किमान दोन विमानं हाताशी ठेवतो, आणि बेसजवळ चार-सहा जणांत क्रॅशपॅड, म्हणजे झोपण्यापुरती सामायिक जागा, भाड्याने घेतो.

आता तो व्हिडिओ. ती घटना ९ एप्रिल २०१७ ची, युनायटेड एअरलाइन्सच्या शिकागो–लुइव्हिल फ्लाइट ३४११ वरची. चार प्रवाशांना उतरवायचं ठरलं ते युनायटेडसाठी हे विमान चालवणाऱ्या रिपब्लिक एअरवेजच्या चार कर्मचाऱ्यांसाठी, ज्यांना कंपनीने पुढच्या उड्डाणासाठी लुइव्हिलला पाठवलं होतं. याला डेडहेड म्हणतात. तो कंपनीच्या हुकमाने होणारा प्रवास असतो आणि ड्युटीत मोजला जातो. जंपसीटशी त्याचा संबंध नाही. डेडहेडसाठी प्रवाशांच्या जागा घेतल्या जात होत्या, हे मात्र खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर युनायटेडने कर्मचाऱ्यांची जागा उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी निश्चित करण्याचा नियम केला, आणि २०१८ च्या अमेरिकन कायद्याने बोर्डिंग झालेल्या प्रवाशाला जबरदस्तीने उतरवण्यावर बंदी आली. सुरक्षेचं कारण किंवा प्रवाशाचं बेशिस्त वर्तन असेल तर गोष्ट वेगळी.

"गणवेश असला की कुणीही" हे तर बेजबाबदार विधान आहे. कॉकपिटमध्ये कोणाला घेता येतं याची यादी अमेरिकेच्या फेडरल नियमांत, भाग १२१ च्या कलम ५४७ मध्ये दिलेली आहे. दुसऱ्या कंपनीचा पायलट असेल तर त्याची नोकरीच अशी हवी की तिला एअरमन सर्टिफिकेट, म्हणजे विमान वाहतुकीतल्या कामाचा सरकारी परवाना, लागतं, आणि विमान चालवणाऱ्या कंपनीची परवानगी हवी. सुरक्षेसाठी कुणालाही कॉकपिटबाहेर ठेवण्याचा कॅप्टनचा अधिकार तेच कलम अबाधित ठेवतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर परक्या कंपनीच्या पायलटला कॉकपिट बंदच झालं होतं. ते पुन्हा उघडलं 'कास' या पडताळणी यंत्रणेमुळे. गेट एजंट कंपनी आणि कर्मचारी क्रमांक टाकतो, स्क्रीनवर त्या माणसाचा फोटो आणि हो किंवा नाही असं उत्तर येतं. नोकरी गेलेल्याला 'नाही' येतं, मग खिशात जुनं कार्ड असो वा अंगावर गणवेश. बसल्यावर ऑक्सिजन मास्क, पट्टे आणि बाहेर पडायचा मार्ग समजावून सांगतात. १०,००० फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही, आणि मद्याचा प्रश्नच नाही.

मेसेजमध्ये ऑक्टोबर २०२३ ची घटना आहे, ती मात्र खरी आहे. एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला चाललेल्या होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवरच्या अलास्का एअरलाइन्सच्या पायलटने आग लागल्यास इंजिन बंद करण्यासाठी असलेले हँडल ओढले. दोन्ही पायलटनी त्याला रोखलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. ती चूक लहान नव्हती. पण तो माणूस तोतया नव्हता, खरा पायलट होता, आणि ओळखपत्र तपासणाऱ्या यंत्रणेने त्याला बरोबरच ओळखलं होतं. यंत्रणेला दिसत नव्हती ती त्याची मानसिक अवस्था. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, पायलटच्या मानसिक आरोग्यावर समिती नेमली.

थकव्याचा मुद्दा अर्धा मान्य. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं फ्लाइट ३४०७ कोसळून ५० जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहपायलट, सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून मेम्फिसमार्गे सकाळी नेवार्कला पोहोचली होती. थकव्याने दोन्ही पायलटच्या कामावर परिणाम झाला असावा, पण किती ते ठरवता येत नाही, असं तपास यंत्रणेने लिहिलं. जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या पायलटना ड्युटीआधी १० तास विश्रांती, त्यात ८ तास सलग झोपेची संधी द्यावी लागते, आणि दर उड्डाणाआधी आपण तंदुरुस्त असल्याचं त्यांनी लेखी सांगायचं असतं. कामावर येण्याचा प्रवास आजही ड्युटीत धरत नाहीत. ही पळवाट अजून उघडी आहे.

मेसेजच्या शेवटी एअर इंडियाच्या दुबई–दिल्ली विमानाचाही उल्लेख आहे. २०२३ मध्ये पायलटने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं, त्याचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं, कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. ती नियम मोडल्याची शिक्षा होती. तिचा इथे काय संबंध?

मावशी, तुझी सीट जाण्याची शक्यता जंपसीटमुळे नाही, कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे आहे. विमानाचं चेक-इन उघडलं की लगेच करून सीट नंबर घे आणि गेटवर वेळेत पोहोच. जागा कमी पडली तर आधी आपणहून उतरायला तयार असलेले प्रवासी शोधावे लागतात. तू हो म्हणायचं नाहीस.