‘गळ पोटात जाऊ द्या’ म्हणे!

माझ्या भाच्याने नुकतीच गळ टाकायला सुरुवात केली आहे आणि त्याचं सगळं शिक्षण फॉरवर्डवर चाललंय. काल त्याने ‘कार्प पकडायची चार सूत्रं’ पाठवली (कार्प म्हणजे रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस वगैरे गोड्या पाण्यातल्या माशांचं कुळ), खाली प्रश्न: ‘मामा, हे खरं का?’ नाही रे बाबा. सूत्रं अशी: कार्प आधाशी, दिसेल ते गिळतो, म्हणून दोर हलला तरी थांबा, गळ पोटात जाऊ द्या. माशाची आठवण तीन सेकंदांची, सुटला तरी लगेच पुन्हा लागतो. कार्प फक्त तळाशी खातो. आणि चारा जितका जास्त तितके मासे जास्त.

पहिलं सूत्र सगळ्यात घातक. मुळात कार्पला जठरच नसतं, अन्ननलिका थेट आतड्याला जोडलेली. ते सोडा, खाण्याची रीत बघा. सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प (कॉमन कार्प), वरचा ओठ नळीसारखा पुढे काढतो आणि गाळ, वाळू, दाणा, अळी सगळं एकदम आत ओढतो. तोंडाच्या छताला चव ओळखणारी मांसल गादी असते. ती खाण्याजोगं तेवढं दाबून धरते, बारीक गाळ कल्ल्यांतून निघून जातो आणि नको ते तोंडातून थुंकलं जातं. सुपात धान्य पाखडावं तसं हे चालतं. याला आधाशी म्हणायचं? पसंत पडलेला घास मग घशातले दात भरडतात. गोगलगायीचं कवचही तिथेच फुटतं.

म्हणजे गळ तोंडात गेला तरी तुम्हाला कळायच्या आत तो बाहेर पडलेला असू शकतो. थांबा कसले? आणि एखाद्याने खरंच गिळला तर गळ कल्ल्यांच्या शेजारी रुततो, रक्त जातं, मग मासा सोडला तरी तो जगेल याचा भरवसा नाही. अशा वेळी गळ उपसत बसू नका, तोंडाजवळ दोर कापा. हे थुंकणं ज्यांनी नीट पाहिलं, त्यांनी १९८०च्या सुमारास इंग्लंडात ‘हेअर रिग’ काढला. त्यात आमिष गळात टोचत नाहीत, ते बारीक धाग्याने गळाला लोंबतं. आमिषामागून गळ आत जातो आणि थुंकताना त्याचं मोकळं टोक ओठात अडकतं. सगळी युक्तीच थुंकण्यावर उभी आहे.

तीन सेकंदांची आठवण? जे. जे. ब्यूकेमा या डच संशोधकाने कार्पवर गळाचे प्रयोग करून १९७० साली निष्कर्ष छापले. एकदाच गळाला लागलेले मासे पुढे फारच कमी लागले आणि हा परिणाम वर्षभर टिकला. एका फटक्यात शिकतो हा मासा! म्हणूनच पकडून सोडायची पद्धत असते तिथे तळं माशांनी भरलेलं असूनही लोक रिकाम्या हाताने उठतात आणि ‘इथे मासेच उरले नाहीत’ म्हणतात.

फक्त तळाशी खातो हे सायप्रिनस आणि मृगळापुरतं बरंचसं ठीक. पण कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, गवत्या (ग्रास कार्प) पाणवनस्पती खातो आणि चंदेऱ्या (सिल्व्हर कार्प) तर पाण्यातलं प्लवंग, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, गाळून जगतो. त्याच्यासाठी तळाशी मक्याचा दाणा टाकून बसा खुशाल.

चौथ्यात थोडं तथ्य आहे, मान्य. चाऱ्याने कार्प जमतात, रेंगाळतात. पण तळावर ढीग पडला की त्यात तुमच्या गळावरचा दाणा उचलला जाण्याची शक्यताही घटते. पाणी थंड असलं की कार्पचं पचन मंदावतं, खाणं कमी होतं, तेव्हा मूठभर पुरे. त्यात या संदेशात ‘कोरडा मका पोत्याने ओता’ असंही आहे! कोरडा दाणा पाणी पिऊन फुगतो, तो माशाच्या आतड्यात कशाला फुगवायचा? भिजवून, शिजवूनच टाका. आणि उरलेला चारा तळाशी कुजून पाण्यातला ऑक्सिजन संपवतो. तो कमी पडला की कार्प खाणंच टाकतो, मग पोतं ओता नाहीतर गाडी.