दुर्मिळतेचे घरगुती उपाय

अमेरिकेने १८९२ ते १९५४ या काळात काढलेली चांदीची स्मारक नाणी जमवण्याचे आपण मनावर घेतले असेल, तर अभ्यासाच्या नादी न लागता फक्त वय पाहावे. शिकागोच्या कोलंबस प्रदर्शनाचा अर्धा डॉलर सव्वाशे वर्षांपलीकडचा आहे, म्हणजे तो दुर्मिळ असणारच. अशी सुमारे २५ लाख नाणी लोकांच्या हाती गेली आणि एका डॉलरला न खपलेली पुष्कळशी दर्शनी किमतीत बाजारात फिरून झिजली, हे विक्रेता सांगत नाही. मग आपण तरी का विचारावे?

याउलट १९२६ चा, स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षाचा अर्धा डॉलर १० लाख पाडला गेला, एवढे वाचून तो तुच्छतेने बाजूला सारावा. त्यातील ८ लाख ५९ हजार नाणी न खपल्यामुळे पुन्हा वितळवली गेली आणि नाण्यावरील चित्राचा उठाव फार उथळ असल्याने उरलेल्यांत खरोखर उत्तम प्रत मोठ्या मुश्किलीने मिळते, असल्या शंकेखोर माहितीने खरेदीतला आनंद जातो.

खरी श्रद्धा ठेवावी ती सिनसिनाटीच्या १९३६ च्या नाण्यावर. संगीतकेंद्र म्हणून त्या शहराला ५० वर्षे झाल्याची ती आठवण; मात्र १८८६ मध्ये तिथे असे नेमके काय घडले, हे इतिहासाला सापडलेले नाही. नाण्यावर चेहरा आहे तो गीतकार स्टीफन फॉस्टर यांचा, जे १८६४ मध्येच वारले होते. थॉमस मेलिश या संग्राहक गृहस्थांनी तीन टाकसाळींतून प्रत्येकी सुमारे ५,००० नाणी पाडून घेतली, दीड डॉलर दर्शनी किमतीचा तीन नाण्यांचा संच पावणेआठ डॉलरला लावला आणि माल मुठीत असल्याने भाव पाहता पाहता चढला. इतक्या कष्टाने घडवलेल्या टंचाईचा मान आपण नाही राखायचा, तर कोणी?

नाणे घरी आले की दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंच लावून ते लख्ख घासावे. टाकसाळीतून आलेली मूळ झळाळी त्यात कायमची जाते, पण पाहुण्यांना चकाकीच कळते. एखादे नाणे चुकून घासायचे राहिलेच, तर ते प्रतवारी करणाऱ्या कंपनीकडे पाठवावे, मिळालेली प्रत न पटल्यास कंपनीने नाणे घालून दिलेली सीलबंद डबी फोडून पुन्हा पाठवावे आणि प्रतीचा मनासारखा आकडा येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. डबीतली जुनी चिठ्ठी परत न केल्यास, कोणत्या प्रतीची किती नाणी तपासली हे मांडणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात दर वेळी एक नाणे वाढते. मग त्याच तक्त्यात हे नाणे आता फार दिसू लागले, अशी तक्रार करायलाही आपण मोकळे.