नाव टाका म्हणतंय, नाव तर टाकलंय!

फोटोग्राफर दादांना लग्नाचे व्हिडिओ चढवायची साईट मी करून दिलीय. त्यांचा फोन बरोब्बर मी लॅपटॉप मिटून चहा ठेवला की येतो. "सर, साईट येडी झालीय. नाव टाका म्हणतेय. अहो टाकलंय की नाव, नवरा-नवरी दोघांचं टाकलंय, तारीख टाकलीय, तरी लाल अक्षरात परत तेच!" मी विचारलं व्हिडिओ केवढा आहे, तर म्हणे "लई नाय, हळदीचाच हाय फक्त." हळदीचाच म्हणजे ४८० एमबी.

आता हा पीएचपीचा, म्हणजे साईट ज्या भाषेत लिहिलीय तिचा, खास स्वभाव. फॉर्मचं एकूण वजन पोस्ट_मॅक्स_साईझ नावाच्या मर्यादेच्या वर गेलं (मुळात ८ एमबी, आणि एकट्या फाईलला तर २ च) की ते नुसती फाईल नाकारत नाही, अख्खा फॉर्मच कोरा करून पुढे देतं. बिचारा आपला कोड बघतो तर ना नाव, ना तारीख, मग तो इमानदारीत सांगतो, नाव टाका. आणि हे सगळं कधी, तर दादांनी कार्यालयाच्या रडक्या वायफायवर पट्टी १०० टक्क्यांपर्यंत नेल्यावर!

बरं आकडा एका ठिकाणी वाढवून भागत नाही. सातबाऱ्याच्या कामाला गेल्यासारखं आहे, या टेबलावरून सुटलात की त्या टेबलाचे साहेब वेगळा कागद मागतात. पीएचपीच्या पुढे इंजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर बसलाय, त्याचा मूळ हिशोब १ एमबीचा, एक एमबी हो, आजकाल मोबाईलचा एक फोटो मावत नाही त्यात! वर गेलं की ४१३, म्हणजे "फार मोठं आहे" असा एरर. तो मी आधीच वाढवलेला होता म्हणून दादा निदान "नाव टाका" पर्यंत तरी पोचले. नेटवर सल्ले मिळतात की तिथे शून्य लिहा, मर्यादाच जाते. जाते ना, मग उद्या कोणीही टपोरी येऊन डिस्क भरून जाईल, असले सल्ले देणाऱ्यांना एकदा दादांचा नंबर द्यायला पाहिजे.

असो, पीएचपीचे आकडे वाढवले, एफपीएम (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) रिस्टार्ट केलं, हळद चढली, दादा खूश.

मग दादांच्या पुतण्याने साईट फास्ट करायची म्हणून कोणाला न विचारता पुढे सीडीएन लावला, म्हणजे आमच्या सर्व्हरच्याही आधी बसून साईट लवकर पोचवणारी सेवा. फुकटचा प्लॅन, अपलोडला १०० एमबीची मर्यादा. दादांचा ड्रोनवाला वरातीचा व्हिडिओ तिथेच धडकला, आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये साधी नोंद नाही, मी कोरा लॉग बघत बसलोय आणि दादा फोनवर "सर, व्हॉट्सॲपवर तर गेला की!" (गेला, पण कॉम्प्रेस होऊन. नवरदेव ओळखू येत नव्हता.)

शेवटी ब्राऊझरमध्येच फाईलचे ५-५ एमबीचे तुकडे करून एकेक पाठवायचं आणि सर्व्हरवर जोडायचं असं केलं, नेट गेलं तर राहिलेल्या तुकड्यापासून पुढे. हे खरं तर पहिल्यापासूनच करायला हवं असं मी कोटेशनमध्ये लिहिलं होतं, दादांनीच "ते राहूद्या" म्हणून ती ओळ खोडली होती.

आता अपलोड मस्त चालतं. फक्त दादांना अर्ध्यात टॅब बंद करायची सवय, सगळे अर्धवट तुकडे सर्व्हरवर पडून, आणि काल रात्री डिस्क फुल.

"सर, साईट परत येडी झालीय."

क्रॉन लावतोय, दादा. जुने तुकडे रोज रात्री उडवायला.

"लावा लावा. आणि ते साखरपुड्याचं चढतंय अजून, ते उडवू नका हां."