एकत्र जेवण चांगलंच, पण त्याची फुटपट्टी करू नका

‘रोज रात्री एकत्र जेवणाऱ्या घरातली मुलं कधीच बिघडत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे,’ असा मेसेज महिनाभर फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं. पण परवा काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि रात्री अकराला ताईचा फोन आला. ताई नर्स आहे, महिन्यातले कितीतरी दिवस तिची रात्रपाळी असते. ‘माझ्यामुळे पोराचं नुकसान होतंय का रे?’ एवढंच तिने विचारलं. म्हणून हे लिहितोय.

आधी ते ‘सिद्ध केलं’. केली म्युसिक आणि अ‍ॅन मायर या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सुमारे १८ हजार किशोरवयीन मुलांची माहिती तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडले. एका वेळची पाहणी घेतली तर एकत्र जेवणाऱ्या घरांतली मुलं कमी उदास, व्यसनांपासून जास्त लांब दिसतात. पण अशा घरांत बाकीच्या गोष्टीही बऱ्या असतात: आईवडिलांशी नातं, हाताशी वेळ, पैसा. त्या जमेस धरल्यावर जेवणाचा वाटा बराच उतरला. तीच मुलं काही काळाने पुन्हा पाहिली तेव्हा उदासीच्या बाबतीत संबंध थोडाफार टिकला, आणि ती मोठी झाल्यावर जेवणाच्या परिणामाचा फारसा पुरावा उरला नाही. याच दोघींनी २०१४ मध्ये दाखवलं की जिथे नातं मुळात चांगलं आहे तिथे एकत्र जेवणाचा फायदा जास्त दिसतो आणि जिथे ते बिघडलेलं आहे तिथे फारसा दिसत नाही. ‘कधीच बिघडत नाहीत’ हे यातून कुठून काढलं?

मला खरा राग आलाय तो पुढच्या ओळीचा. ‘जेवणाची वेळ ही संस्कारांची शाळा. दिवसभराचा हिशेब तिथेच घ्या, चुका तिथेच दाखवा, ताट संपल्याशिवाय उठू देऊ नका.’ हे वाचून अंगावर काटा आला, कारण मी ते भोगलंय. आम्ही रोज रात्री सगळे एकत्रच जेवायचो, मेसेजमधली अट पूर्ण पाळायचो. बाबा गणिताची वही ताटाशेजारी आणायला लावायचे. चुकलेल्या उदाहरणावर बोट ठेवून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत घास हातातच राहायचा. मी संध्याकाळीच काहीतरी खाऊन ‘भूक नाही’ म्हणायला शिकलो. ताई माझं उरलेलं गुपचूप आपल्या ताटात घ्यायची. जेवताना मूल अडकलेलं असतं, त्याला उठून जाता येत नाही. तिथे झडती घेतली की ते बोलायचं थांबतं आणि मग महत्त्वाची गोष्टही सांगत नाही. ताट संपवण्याच्या सक्तीने तर पोट भरल्याची त्याची स्वतःची जाणीवच दबते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी मला पटते: काय, केव्हा, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

मेसेजमधल्या ‘रात्रीचंच जेवण हवं’ याला काहीच आधार नाही. बोलणं सकाळीही होतं. आणि त्यातल्याच ‘आईने नोकरी सोडावी’ यावर मी शब्द खर्च करणार नाही. वडिलांनी काय सोडावं हे त्यात लिहिलेलंच नाही.

‘घर बदलायचं तर आधी स्वतःला बदला’ हे मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य. फक्त त्यासाठी मेसेजमध्ये सांगितलेलं पहाटे उठणं पुरेसं नाही. मुलासमोर ‘काल मी उगाच ओरडलो, माझं चुकलं’ म्हणता यायला हवं, आणि ते पहाटे उठण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. बाबांना ते जमलं, पण मी तिशीत आल्यावर. त्यानंतर आमचं जेवताना बोलणं सुरू झालं. जेवताना फोन बाजूला ठेवा, हेही बरोबर आहे.

ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. रात्रपाळी संपवून तू येतेस तेव्हा तो दप्तर भरून, नाश्ता न करता थांबलेला असतो. भाऊजी ‘खाऊन घे’ म्हणतात, तर ‘आई आल्यावर’ म्हणतो. काल शाळेत काय झालं ते त्याला तुला सांगायचं असतं.